दिपमालाची मालिका

"काय म्हनस ती?" भागाबाईंनी सुनेच्या दंडाला ढोसलं.

पडद्यावरच्या सासूनं सुनेची बॅग दाराबाहेर भिरकावली होती. सून पायरीवर पडून रडत होती. दिपमाला भागाबाईंकडे तोंड वळवून ओरडली, "सासू म्हणते, ही घे बॅग! जा, शिकायला जा!"

खोलीत शेजारच्या पाच बायका बसल्या होत्या. एकीनंही तिला खोडलं नाही. त्यांतल्या सलीमानं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

पारोळ्याच्या त्या गल्लीत टीव्ही घरोघर. तरी आठ वाजले की बायका इथंच. मालिका तरी काय, शालू नेसून झोपणाऱ्या बायकांचा तमाशा! एकीच्याही हाताला राख नाही, पीठ नाही. पण दोन वर्षांपूर्वी भागाबाईंचे कान गेले आणि दिपमाला त्यांना एकेक वाक्य ओरडून सांगायला लागली. सांगणं असं, की नटीला सोडून हिच्याकडेच बघत राहावं.

गेले पंधरा दिवस मात्र ती खोटं सांगत होती. धुळ्याला नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. प्रवेशाची मुदत उद्यापर्यंत. नवरा प्रेमराज ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. फोनवर म्हणाला, "आई हो म्हणाली तर जा." मोठा शहाणा! स्वतः विचारायची छाती नाही. आणि भागाबाईंना विचारायचं म्हणजे गल्लीभर ओरडायचं. पोटातली गोष्ट ओरडून कशी मागतात? म्हणून तिनं ती टीव्हीतल्या सुनेच्या तोंडी घातली.

बायकांना पहिल्याच दिवशी कळलं. जिथं कुणाची डाळ करपली तरी टोकापर्यंत बोभाटा होतो, त्या गल्लीत पंधरा दिवस एक शब्द फुटला नाही. दिपमालाला त्याचंच नवल वाटत होतं. देवळात गप्प बसत नाहीत त्या बायका तिच्यासाठी गप्प होत्या.

"मग ती रडस का?" भागाबाईंनी विचारलं.

"खुशीनं, मावशी!" सलीमा ओरडली.

भागाबाई उठल्या. त्यांनी टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना! असं त्या घरात कधीच झालं नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी राहिली.

"मना कान गयात," त्या म्हणाल्या, "डोया नही." मग दिपमालाकडे बोट रोखलं. "त्या सासूले काय इचारस? माले इचार. वरडू नको."

दिपमालानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसतेच ओठ हलले. धुळे. नर्सिंग. उद्या शेवटचा दिवस. आई, जाऊ का?

खोलीत कुणाला काही ऐकू आलं नाही. भागाबाई तिच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या.

"जाय," त्या म्हणाल्या. "धुळ्याले जाय. पन रोज आठ वाजाना आत घर ये."

कुणी देव बघावा तशी दिपमाला त्या सुरकुतलेल्या तोंडाकडे बघत राहिली. बाईला सगळं कळत होतं. ओठांवरून. पहिल्या दिवसापासून.

सलीमा तरातरा पुढं आली. भागाबाईंच्या समोर उभी राहिली. "अहो मावशी, नुसत्या ओठांवरून कळतं, तर दोन वर्षं ह्या पोरीचा घसा का फोडला?"

भागाबाईंनी पाचही जणींकडे एकेक करून पाहिलं.

"ती वरडस म्हनीसन तुम्ही येतस," त्या हळूच म्हणाल्या. "नहीतर बहिरीना घर कोन येस?"