काचेतले ताम्हनकर

"मग काय म्हणाली सुलू?" काचेतल्या ताम्हनकरांनी विचारलं, आणि वासंतीताई खुर्ची पुढे ओढून सांगू लागल्या.

दारात उभे असलेले खरे ताम्हनकर जळफळले. ती काच त्यांनीच न्हाणीघरात लेझर लावून, रसायनांत धुऊन केली होती. हल्ली लोक लोणचं घालावं तसे घरोघरी होलोग्राम करत, आणि ते बोलतही. पण माणूस त्या क्षणी जसा असेल तसाच काचेत उतरे. जरा हललं की चित्र बिघडायचं, म्हणून ताम्हनकर त्या दिवशी लग्नानंतर प्रथमच गप्प, बायकोकडे बघत बसले होते.

"माझ्याशी बोललीस कधी एवढं?"

"अहो, तुम्ही ऐकता कुठे?"

ताम्हनकरांनी काच उचलून आपटली. होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात चित्र अख्खंच राहतं, हे रागाच्या भरात ते विसरले.

वासंतीताई खाली बसून तुकडे वेचू लागल्या. "बरं झालं. एक ओट्यावर ठेवीन, एक पर्समध्ये."

केरसुणी कुठे ठेवलीस, असं ताम्हनकर विचारणार, तोच फरशीवरचे सगळे ताम्हनकर एका सुरात म्हणाले, "वासंती, बोटाला लागलं नाही ना?"