रिकामी मूठ

कमी खाल्ल्याने म्हातारपण निरोगी जातं का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत आजीबाई नावाची माकडीण वीस वर्षं महिन्यातले चार दिवस अर्धपोटी राही. आज चौथा दिवस. तरी ती म्हातारी एका उडीत पिंजऱ्यातल्या वरच्या फळीवर पोहोचली. नव्या डॉक्टरांना संशय आला. "मावशी, खरं सांगा, चोरून खाऊ घालता ना? वीस वर्षांचा अभ्यास पाण्यात जाईल!" तिला सांभाळणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, मी स्वतःचा उपास मोडत नाही, तिचा कसा मोडेन?" "मग रिकामी मूठ गजांपाशी धरा. तुमच्या हातून खायची सवय असेल तर ती तुमची मूठ उघडायला बघेलच." मावशींनी धरली. आजीबाई सरसर उतरली, मुठीला शिवलीसुद्धा नाही. मावशींच्या मनगटावरची लव विंचरत उवा शोधू लागली. डॉक्टर ओशाळले. "काय सापडलं हो तिला?" "तुमचा संशय असेल," मावशी हसल्या, "टाकला तिने काढून."