स्टॅनलीची चढण

"आज हो की नाही ते सांगा, लायल. नाहीतर टॅरिनची एजन्सी मी खालच्या हार्डवेअरवाल्याला देऊन मोकळा होतो," जॅरड म्हणाला. टॅरिन म्हणजे बॅटरीवर चालणारी सायकल, आणि जॅरड तिच्या कंपनीचा माणूस.

लायल ग्रीव्हने चहाचा मग खाली ठेवला. बीचवर्थ या ऑस्ट्रेलियातल्या गावातल्या त्याच्या सायकलच्या दुकानाचा कायदा एकच होता. शनिवारी सकाळी गावातली म्हातारी टोळी त्याच्याबरोबर सायकलने शेजारच्या स्टॅनली गावाची चढण चढायची. त्या चढणीवर जी सायकल दिसेल तीच त्याच्या भिंतीवर विक्रीला लागायची. जाहिराती, कंपन्यांची चकचकीत पुस्तकं, सगळं झूट. आणि बॅटरीची सायकल त्या चढणीवर आजवर एकदाही दिसली नव्हती.

यंदा मात्र त्याला काही उमगत नव्हतं. टोळी तीच, चढण तीच, पण ईस्टरपासून दुकानातून एकही नवी सायकल हलली नव्हती. असंच चाललं तर ख्रिसमसआधी कुलूप लागणार होतं. काय चुकतंय, कोण रुसलंय, डोकं खाजवून खाजवून तो दमला होता.

"ही भिंतीवर लावली तर शनिवारी माझी सालं काढतील," तो म्हणाला. "टोळीतला क्लाइव्ह तर म्हणेल, संपला लायल! अरे बाबा, या गावात ही कुण्णाला नकोय."

आता जॅरड गोंधळला. "पण शेजारच्या वोडोंगा शहरातलं दुकान म्हणतं, त्यांची टॅरिनची निम्मी गिऱ्हाइकं बीचवर्थची आहेत."

"थापा मारतात ते."

तेवढ्यात दार ढकलून क्लाइव्हची बायको नोरीन आत आली. धापा टाकत ती एक सायकल ओढत होती. मागचं चाक पार बसलेलं. सायकल टॅरिन.

"लायल, आधी ओरडू नकोस. बेकरीसमोर काटा घुसला, आणि हे धूड घरापर्यंत ढकलणं माझ्याच्यानं होईना."

"कुणाची ही?"

नोरीनने जीभ चावली. "क्लाइव्हची. तो डोळ्याच्या ऑपरेशनला मेलबर्नला गेलाय, म्हणून मी काढली. त्याला सांगू नकोस हं."

"पण शनिवारी तर तो मी दिलेलीच आणतो!"

"मग! तुझ्यासमोर ही आणायची कुठल्या तोंडानं? वॉरिककडे आहे, टेडकडे आहे, सगळ्यांकडेच आहे. आठवडाभर ही दामटायची, आणि शनिवारी तुला वाईट वाटू नये म्हणून ती जुनी. मग रविवारभर गुडघ्यावर बर्फ. क्लाइव्ह म्हणतो, लायल काय, बैलासारखा चढतो, त्याला आमचं दुखणं कुठून कळणार?"

चाक काढायला लायल खाली बसला आणि उठताना त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला. बर्फाच्या पिशव्या त्याच्याही घरी होत्या. आपण गळालो तर टोळी मोडेल, एवढ्याच धाकाने गेली काही वर्षं तो ती चढण दात-ओठ खाऊन चढत होता. आता या लोकांवर चिडावं की हसावं, त्याला ठरवता येईना.

पंक्चर निघालं. सायकल घेऊन नोरीन गेली. जॅरडने घसा खाकरला.

"मग काय करायचं? हो की नाही?"

"हो म्हटलं तर सगळ्यांची चोरी उघडी पडणार. नाही म्हटलं तर माझं दुकान बसणार. मला काही म्हणता काही सुचत नाहीये रे." लायलने काचेतून रस्त्यावर एक नजर टाकली. रस्ता रिकामा होता. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "माझ्या उंचीची एखादी आहे का गाडीत?"

"आहे की. आणू?"

"आण. पण मागच्या दाराने."