मालकांची सावली

"ओढ आता," श्रीशैल म्हणाला, आणि शिवलीलानं लोखंडी पाइप आपल्याकडं ओढला. पिकअपच्या हौद्याला बिजागरीवर बसवलेली, पांढरं कापड बांधलेली चौकट करकरत बाहेर आली. तिचे दोन पाय जमिनीला टेकले आणि अक्कलकोट रस्त्याच्या कडेला दहा-बारा फुटांची सावली पडली.

सकाळचे साडेनऊ, पण मे महिन्याच्या उन्हानं टाळकं तापवलं होतं. दोन महिने शिवलीला इथंच उघड्यावर भाकरी थापत होती आणि श्रीशैल गिऱ्हाइकांना पिठलं, शेंगाचटणी वाढत होता. मागच्या आठवड्यात ती तव्यासमोरच चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठं नवऱ्यानं वेल्डरकडं खेटे घालून ही चौकट करून घेतली. चार दिवस तिला त्याचं फार कौतुक वाटत होतं.

सावलीत पाट टाकून ती बसली. परात पुढ्यात ओढली, पदरानं तोंड पुसलं आणि मान वर केली.

वर मृत्युंजय मालक होते. वॉर्डाचे पुढारी. चार हात लांब तोंड, काळा गॉगल, कपाळाला विभूती, जोडलेल्या हातांत बोटागणिक अंगठी, आणि खाली वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. चौकाचौकात लागलं होतं, तेच फ्लेक्स.

"पांढरी बाजू वर घेतली म्हंजी कापड तापत न्हाय," श्रीशैल दोरी ताणत म्हणाला. "मालकांनी फुकट दिलं की. आणि हे तोंड बघून अतिक्रमणवाले हात लावायचे न्हाईत आपल्याला."

शिवलीला त्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच हातांनी बायकांना डबे वाटले होते. तिला डबा देताना मालकांनी तिचा हातही धरला आणि डबा तिच्याकडं गेला तरी सोडला नाही. अंगठा तिच्या तळहातावर फिरत राहिला, तोंड मात्र फोटोवाल्याकडं हसत होतं. घरी येऊन तिनं तीनदा साबण लावला होता. आणि नवऱ्याला सगळं सांगितलं होतं.

"हे काढा," ती म्हणाली.

"आत्ता तर बांधलंय."

"तुमाला सांगितलं व्हतं मी."

श्रीशैलचा हात गाठीवर थांबला. तो विसरला नव्हता. विसरलेला माणूस असा खाली बघत नाही.

"अगं, मोठी माणसं ती. हजार बायकांना वाटत व्हते. त्यांच्या ध्यानात तरी असंल का?"

"माज्या हाय."

"मग तू वर बघू नको की. कापडच हाय ते."

म्हणजे बाईनं दिवसभर मान खाली घालून भाकरी थापायची, आणि त्या माणसानं वरून तिच्या मानेकडं, पाठीकडं बघत बसायचं. अशी ही सावली! मालकांची किळस तिला होतीच. आत्ता उसळून आली ती दोरी ताणणाऱ्या माणसाची, आणि ती जास्त होती.

हौद्यात एक पिशवी दिसली. शिवलीलानं उठून उघडली. नारळ, हार, शाल.

"हे कशाला?"

"ते..." श्रीशैल उगाच दुसरी गाठ मारू लागला. "मालक येणारेत. उद्घाटनाला. पाच मिन्टं थांबतील, फोटो काढतील, जातील. पहिली भाकर तेवढी तू दे त्यांच्या हातात. बाईनं दिलेलं बरं दिसतं."

शिवलीलानं पिशवी हौद्यात टाकली. तिनं छोटा सिलिंडर उचलला, शेगडी उचलली, परात उचलली आणि सगळं सावलीच्या बाहेर नेऊन मांडलं. भर उन्हात बसून तिनं शेगडी पेटवली.

"परत चक्कर येईल, शिवलीला!"

"येऊ दे."

पहिली भाकरी टम्म फुगली, तेवढ्यात पांढरी गाडी येऊन उभी राहिली. श्रीशैल हार घेऊन पळाला. मालक उतरले, सावलीत आले, मान वर करून स्वतःकडं बघितलं आणि खूश झाले. नारळ फुटला. श्रीशैलनं हळूच शिवलीलाला हातानं खूण केली.

तिनं भाकरी ताटलीत घेतली, त्याच्याजवळ गेली आणि ताटली त्याच्याच हातात कोंबली.

"तुमी द्या," ती म्हणाली. "आणि बघा, हात कवा सोडतेत ते."

ती शेगडीकडं परतली. श्रीशैलनं ताटली पुढं केली. मालकांनी ती घेतली, बघितलीसुद्धा नाही, मागं उभ्या कार्यकर्त्याकडं दिली.

"वहिनी का उन्हात बसल्यात?" त्यांनी विचारलं. "बोलवा की त्यांना. वहिनींशिवाय कसला फोटो?"

श्रीशैलनं तिच्याकडं बघितलं. क्षणभर शिवलीलाला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. निदान, तिला बरं नाही, एवढं तरी म्हणेल.

"शिवलीला," श्रीशैलनं मातीकडं बघत हाक मारली. "ये की जरा. मालक थांबलेत."

तिनं शेगडी बंद केली. सोलापूरकडून मैंदर्गीची एसटी येत होती, तिच्या माहेराची. शिवलीला उठून रस्त्याच्या कडेला गेली आणि पिठानं भरलेला हात तसाच वर केला. एसटी पुढं जाऊन थांबली. "अगं, कुटं? शिवलीला!" श्रीशैल ओरडला, पण मालकांना सोडून पुढं आला नाही.

दारात पाय ठेवताना तिनं एकदाच मागं बघितलं. सावलीत चौघे उभे होते, फ्लेक्सवरचे मालक धरून.