आधी पाइप चालायचा

ब्रशातून पाणी यायचं थांबलं, तेव्हा चिमी तिसऱ्या मजल्याच्या काचेवर होती. म्हणजे ती स्वतः खाली बागेतच उभी होती. वर होता तो तिचा लांबलचक पोल आणि त्याच्या टोकाचा ब्रश. पाणी गाडीतल्या टाकीतून पाइपाने यायचं, पोलातून वर चढायचं आणि काच धुऊन खाली उतरायचं. क्षार काढलेलं पाणी, त्यामुळे पुसायला नको आणि वाळल्यावर डागही नाहीत. फक्त ते यायला हवं. सकाळपासून तेच नाटक चाललं होतं.

पोल खाली घेऊन ती पाइपाच्या मागे निघाली. पाणी अडलं की आधी पाइप चालायचा, टोकापासून गाडीपर्यंत तपासत जायचा, मग पंपाला शिव्या द्यायच्या, हा धडा तिला मामाने दिला होता. आणि आज गाठ मामाशीच होती.

डोळ्यांच्या दवाखान्याला काचांचं वर्षभराचं काम द्यायचं होतं. मॅनेजरबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. बागेकडच्या एकवीस खिडक्या भाचीच्या, रस्त्याकडच्या एकवीस मामाच्या. बारा वाजता ज्याची बाजू लख्ख, काम त्याचं.

नऊ वर्षं मामाच्या हाताखाली काढून चिमीने स्वतःची गाडी घेतली होती. गाडी जुनी, पंप तिच्याहून जुना. तेव्हा मामा चारचौघांत हसला होता. "पोल कुणीही धरतं चिमे, पाइप सांभाळायला डोकं लागतं." हे वाक्य दोन वर्षं तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. काम तिला हवंच होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते मामाने हे शब्द परत घेणं.

कोपऱ्यावर पाइपाला पीळ पडला होता. तिने सोडवला. पाणी आलं, पण रडतखडत. मग एका डॉक्टरांनी नेमकी पाइपावरच गाडी लावली. त्यांना हातापाया पडून ती काढायला लावली. पुढे गुलाबाच्या आळ्याच्या विटेत पाइप अडकला. साडेदहाला तिच्या सहा खिडक्या झाल्या होत्या. पलीकडून मामाच्या पाण्याचा धो धो आवाज येत होता आणि वर त्याची शीळ.

दोघांच्याही गाड्या मागच्या आवारात होत्या आणि दोघांचेही पाइप धुलाईखोलीशेजारच्या एकाच बोळातून पुढे येत होते. दोन्ही पिवळे, जोडही सारखेच. चिमी पाइप घ्यायला मामाच्याच दुकानदाराकडे गेली होती, दुसरा तिला माहीत तरी कुठे होता.

पावणेअकराला पाणी ठार बंद झालं. ती बोळाकडे धावली. चादरींची ढकलगाडी उंबऱ्यावरून गेली होती आणि तिच्या चाकाने दोन्ही पाइपांचे जोड निखळले होते. ओल्या फरशीवर चार टोकं पडली होती, पाणी उडत होतं आणि ढकलगाडीवाला भिंतीला चिकटून उभा होता. तोंडावर पाणी झेलत चिमीने आपला जोड बसवला, खटका लागल्याचं कानाने ऐकलं आणि पळणार, तोच थांबली. मामाचा तसाच सोडला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण खाल्लेल्या मिठाला जागायला हवं. तिने त्याचाही बसवला.

बागेत येऊन झडप उघडली आणि ती दचकलीच. ब्रशातून अशी धार सुटली की वरच्या पत्र्यावर ताशा वाजावा. अखेर पाइप तिला वश झाला होता. सातवी खिडकी, आठवी, दहावी. हात दुखायचे विसरले. चौदाव्या खिडकीला तिच्या लक्षात आलं की पलीकडची शीळ थांबली आहे.

बातमी ढकलगाडीवाल्याने आणली. मामाचं पाणी थेंबथेंब येत होतं. पंप जोरात चालला होता, टाकीही उतरत होती, मग पाइप कशाला बघायचा, असं म्हणून तो ब्रश उघडून टाचणीने भोकं साफ करत बसला होता. गुडघ्यांमुळे हल्ली त्याला चालणंही नको असायचं. जाऊन सांगावं, मामा, पाइप चाल, असं चिमीला वाटलं. तिने घड्याळ बघितलं आणि पोल उचलला.

बाराला दहा कमी असताना एकविसावी खिडकी झाली.

मॅनेजरबाई इमारतीभोवती सावकाश फिरल्या. रस्त्याकडे तेरा खिडक्या झाल्या होत्या. बागेकडे उन्हात काचा आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. या काचांतून बघितलं तर निम्मे पेशंट चष्मा नको म्हणतील, असं म्हणून त्यांनी चिमीचा हात हातात घेतला. काम तिचं झालं.

मामा तिथेच उभा होता. सगळ्यांदेखत पुढे येऊन त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चुकलं माझं. पाइप तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो." मग म्हणाला, "माझे हात संपले आता, चिमे. आज माझं मलाच कळलं. गाडी विकून टाकतो."

तसं काही करायचं नाही, असं तिने त्याला दटावलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांचा काटा एका क्षणात निघाला होता. मामा आपला पोल आवरायला रस्त्याकडे गेला.

चिमीने पाइप गुंडाळायला घेतला. एकेक वेटोळं खांद्यावर घेत, मामाचीच शीळ घालत ती गुलाबांपाशी आली, कोपऱ्यावर वळली, बोळातून मागच्या आवारात उतरली. शेवटचं वेटोळं खांद्यावर टाकून तिने टोक सोडवायला हात पुढे केला, आणि तो हात मामाच्या गाडीच्या नळाला लागला.