बघायची राहिलेली ठिकाणं

दीपगृहाच्या गॅलरीतून नवरा खाली उतरायलाच तयार नव्हता. बाकीचे प्रवासी केव्हाच मिनीबसमध्ये जाऊन बसले होते. हा मात्र कठडा घट्ट धरून समुद्राकडे बघत उभा.

"अहो, चला ना. ड्रायव्हर हॉर्न देतोय."

"देऊ दे. ते बघ, त्या बेटाच्या मागे अजून एक बेट आहे."

बायकोला हसू आलं. हा माणूस जन्मभर बस डेपोत कंट्रोलर होता. गाडी जरा उशिरा सुटली तर कंडक्टरची बिनपाण्यानं करायचा. नातेवाइकांकडे गेला तरी चपला काढायच्या आधी परतीच्या गाडीची वेळ सांगून टाकायचा. या शहरात आल्यापासून मात्र त्यानं घड्याळाकडे बघणंच सोडलं होतं. रोपवेनं तिला डोंगरावर नेलं, खाली उतरल्यावर म्हणाला, पुन्हा एकदा जाऊ. जुन्या होड्यांच्या संग्रहालयात प्रत्येक पाटी वाचली. मासळीचा लिलाव संपला, बायका धक्का धुवायला लागल्या, तरी हा तिथंच.

"काका, एवढं शहर तर आमच्या महापौरांनी पण बघितलं नसेल," ड्रायव्हर म्हणाला. सगळी बस हसली. तोही हसला, पण जरा उशिरा.

बायकोला कारण ठाऊक होतं. याच शहरात त्यांची मुलगी राहत होती.

डेपोच्याच गॅरेजमधल्या मेकॅनिकशी तिनं न विचारता लग्न केलं आणि दोघं इकडे निघून आली. "आपल्याला मुलगी नव्हतीच असं समज," म्हणून बापानं विषय मिटवला. आईनं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, शेवटी हात टेकले. वर्षं गेली. तो निवृत्त झाला. मग मध्यंतरी पेन्शनच्या कामाला म्हणून बाहेरगावी जाऊन आला, आणि आला तो खचलेलाच. घास हातात धरून बसून राहायचा. नळ सोडून कितीतरी वेळ बाथरूममध्ये असायचा. कामावाचून माणसाचं असं होतं, शेजारीण म्हणाली. आणि एका सकाळी तो म्हणाला, "चल, समुद्र बघून येऊ." कुठला समुद्र ते त्यानं सांगितलं, तेव्हा तिच्या हातातलं दूध ओट्यावर सांडलं.

तिनं चकार शब्द काढला नाही. विचारायला जावं आणि हा फिरला तर? तो घरात नसताना शिवणयंत्रावर बसून तिनं मुलीसाठी कुर्ता शिवला. माप अंदाजानंच घेतलं. आता अंगानं भरली असेल, म्हणून दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवली.

म्हणून तो दाखवील ते ती मुकाट्यानं बघत होती. उतरत्या गल्लीत त्यानं तिचा हात धरला. चारचौघांत असा हात त्यानं आजवर कधी धरला नव्हता. हात गार पडला होता. लाज वाटतेय बिचाऱ्याला, ती मनात म्हणाली. धीर गोळा करतोय. करू दे.

शेवटच्या दुपारी ड्रायव्हरनं विचारलं, "आता काय राहिलं, काका?"

"ती पलीकडची टेकडी राहिली," तो घाईनं म्हणाला.

ती बसमधून खाली उतरली. तोही मागोमाग उतरला.

"अहो, पुरे झालं. मला आणखी काही बघायचं नाही. तिच्याकडे न्या मला."

तो रस्त्याकडेच्या बाकावर मटकन बसला. "उद्या जाऊ."

"उद्या सकाळी आपली गाडी आहे."

"मग पुढच्या खेपेला..."

"आपलीच पोर आहे ती. चार शब्द बोलेल, ऐकून घेऊ. तुम्ही काही बोलूच नका, मी आहे ना."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून तो उठला.

बंदरामागे पायऱ्यापायऱ्यांची गल्ली होती. खाली बोटी दुरुस्त करायच्या शेडमधून हातोड्यांचे आवाज येत होते. तो पुढे चालत राहिला. कुठं वळायचं हे त्यानं कुणाला विचारलं नाही. एका घराच्या फाटकाची कडी अडकत होती, त्यानं फाटक जरासं वर उचललं आणि ते उघडलं. म्हणजे यानं सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती तर! तिला भरून आलं. इतकी वर्षं आपण या माणसाला दगड समजत होतो.

त्याला मागे टाकून तीच भराभरा पायऱ्या चढली आणि तिनं दार वाजवलं.

जावयानं दार उघडलं. दाढी वाढलेली, हाताला ग्रीस. ती त्याच्या खांद्यावरून आत डोकावली. ओट्यावर एकच ताट उपडं घातलेलं होतं.

"कुठंय ती? बाहेर गेलीय का?" ती कुजबुजली. "आम्ही आलोय ते सांगू नकोस हं. मी दाराआड उभी राहते."

जावई तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याची नजर तिच्या मागे गेली. सासरा सगळ्यात खालच्या पायरीवर, खाली मान घालून उभा होता.

"साहेब," जावई अगदी हळू म्हणाला, "ती गेली त्या दिवशी दवाखान्यात तुम्हीच म्हणाला होतात ना, आईंना मी सांगतो म्हणून?"