हे खरे आहे काय

प्रश्न चार ओळींचा होता. कळवण तालुक्यातील एका पाड्यावरील अंगणवाडीत सलग दोन महिने वजन न घेतल्यामुळे आठ महिन्यांच्या बालिकेचे कुपोषण लक्षात आले नाही व ती दगावली, हे खरे आहे काय?

विचारणारा आमदार. उत्तर मंत्र्यांनी द्यायचं, उद्या, नागपूरच्या अधिवेशनात. पण मंत्र्यांना ते खात्याने द्यायचं, खात्याला नाशिकने, आणि नाशिकला मंजुषाने. त्या भागातल्या पंचवीस अंगणवाड्यांची ती पर्यवेक्षिका.

"अकराच्या आत गेलं पाहिजे," नाशिकच्या कार्यालयातले तिचे वरिष्ठ, योगेशसर म्हणाले. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मंजुषाने पदर पुढे ओढून घेतला. अकरा महिन्यांचं बाळ ती आईपाशी ठेवून आली होती. त्याची दुधाची वेळ टळली होती, आणि ते तिच्या अंगाला कळत होतं.

भिंतीशी, खुर्चीच्या अगदी कडेला, नवसाबाई बसली होती. त्या पाड्यावरची सेविका. पहाटेच्या एसटीने आली होती, मांडीवर रजिस्टर घेऊन. सरांनी ते मागून घेतलं, पानं उलटली आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"अहो, वजनं आहेत की! जुलै, सहा किलो दीडशे. ऑगस्ट, सहा चारशे. सप्टेंबर, सहा साडेसहाशे. पोरगी वाढतेय. 'हे खरे नाही' लिहा, सही करा, मोकळ्या व्हा."

मंजुषाने नवसाबाईकडे बघायचं टाळलं. ऑगस्टात वजनकाटा बंद पडला तेव्हा नवसाबाईचा फोन आला होता. म्याडम, आकडा काय भरू? रकाना रिकामा राहिला की वरून नोटीस येते. मंजुषा रजेवरून नुकतीच कामावर आलेली; बाळ अंगावर पीत होतं, त्याची झोप मोडू नये म्हणून ती हळूच बोलली होती. मागच्या महिन्याचं घ्या, अडीचशे वाढवा. पुढच्या महिन्यात फोन आलाच नाही. नवसाबाईने आपणहून अडीचशे वाढवले.

"वजन केलं नव्हतं, सर. काटाच बंद होता."

सर उठले, दार लोटून आले. 

"मग 'अंशतः खरे आहे' असं करू. काटे केंद्राच्या योजनेतले; त्याचं उत्तर विधानसभेत आपण कशाला द्यायचं? खोटी नोंद सेविकेने केली, तिला कामावरून कमी केलं, एवढं लिहू. कोणी उठून विचारलंच, कारवाई काय केली, तर मंत्र्यांच्या हातात काहीतरी पाहिजे."

"काटा दिल्लीचा, नोंद माझी," नवसाबाई म्हणाली. "आन् पोरगी कुनाची ओ, सायेब?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

मंजुषा वाट बघत राहिली. आता नवसाबाई सांगेल, म्हणेल, या म्याडमनीच सांगितलं व्हतं. नवसाबाईची बावीस वर्षांची सेवा होती आणि एका वाक्यात ती वाचणार होती. ते वाक्य काही आलं नाही. नवसाबाई खाली फरशीकडे बघत होती.

मंजुषाने कागद ओढला. वजन घेतले नाही. खोटा आकडा भरण्यास मी सांगितले. खाली सही केली.

सरांनी वाचलं. आवाज खाली आणला. "मॅडम, सभागृहात 'मी' नसतं. शासन असतं. आणि शासन असलं काही सांगत नाही. तुमचं मूल लहान आहे, नोकरीचा विचार करा. फाडतो मी हे, नवीन लिहा."

पण त्यांनी फाडला नाही. कागद हातात तसाच राहिला, कारण फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"नाशिक? काय झालं उत्तराचं?" नागपूरचा आवाज घाईत होता. "मी 'हे खरे नाही' टाइप करून ठेवलंय. सकाळपासून सगळ्या प्रश्नांना तेच चाललंय. राहू दे ना तसंच?"

सरांनी मंजुषाकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत.

मंजुषा फोनकडे वाकली. "ते खोडा. सांगते ते घ्या लिहून."

"कोण बोलतंय?"

तिने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. कागदावरची दोन्ही वाक्यं सावकाश, शब्द सुटे करत वाचली. पलीकडची टकटक थांबली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवसाबाई टेबलापाशी येऊन उभी होती.

"माझं बी नाव घाला त्यात," ती फोनला म्हणाली. "काटा बंद व्हता. माझं हात नव्हतं बंद. पोरगी उचलली तवाच कळलं व्हतं मला."